‘न तपासलेल्या’ नाण्यांच्या थैलीवर बोली लावावी का?

प्रश्न (गुहागरच्या एका महाविद्यालयीन तरुणाचा, थोडक्यात) : काका, ऑनलाईन लिलावात मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, ‘कोकणातल्या जुन्या वाड्यातून निघालेली, कोणीही न तपासलेली तांब्याची नाणी, वजन १ किलो’. बोली सध्या ₹६,८०० वर आहे. दुसरी, अमेरिकेतल्या ५० जुन्या सेंटांचा कागदी रोल, तोही ‘अनसर्च्ड’. किंमत ₹४,२०० आणि वर पोस्टेज ₹२,८००. रोलच्या एका टोकाला चांदीचं नाणं दिसतंय. दोन्हीचे फोटो पाठवतोय. यात दुर्मिळ नाणं निघण्याची शक्यता किती? शिवाय अशीच अर्ध्या किलोची एक थैली मी गेल्या महिन्यात घेतली आहे, सील अजून फोडलेलं नाही. फोडू, की तशीच ‘न तपासलेली’ म्हणून पुढे विकू?

उत्तर :

दोन्हीवर बोली लावू नकोस आणि घरातली थैली पुढे विकू नकोस. लिलाव संपायच्या आत तुला निर्णय घ्यायचा असेल म्हणून हे आधी सांगून टाकलं. आता कारणं.

नाण्याबद्दल विकणारा जे काही सांगतो, त्यातलं बरंचसं आपल्याला पडताळून पाहता येतं. वजन काट्यावर कळतं, धातू कळतो, साल आणि टांकसाळीची खूण भिंगातून दिसते. पण ‘ही नाणी कोणी तपासलेली नाहीत’ हे पडताळायला काहीच साधन नाही. विकणारा खरं बोलत असला तरी तो फक्त स्वतःपुरतं बोलतो. त्याच्या आधी ज्या चार हातांतून माल गेला त्यांनी काय केलं, हे त्यालाही माहीत नसतं. आणि सगळ्यात वाईट भाग असा, की आत काय आहे ते बघायला सील फोडावं लागतं, आणि सील फोडलं की माल परत घ्यायला कोणी तयार होत नाही. सगळी जोखीम विकत घेणाऱ्यावर, विकणाऱ्यावर काहीच नाही.

आपल्या भागात जुनी नाणी कशी बाहेर पडतात ते मी रत्नागिरीत बसून निम्मं आयुष्य पाहत आलोय. राजापूर, खेड, चिपळूणकडचं एखादं जुनं घर मोडायला काढतात. मुंबईची मंडळी गणपतीत किंवा मे महिन्यात येतात, माळा उतरवतात, एखाद्या पत्र्याच्या डब्यात किंवा हंड्याच्या तळाशी नाणी सापडतात. राणीछाप रुपये असतील तर ते त्याच दिवशी सराफाकडे जातात. तांब्याची नाणी भांड्यांबरोबर भंगारवाल्याकडे जातात, नाहीतर माझ्यासारख्या जुनी नाणी घेणाऱ्या-विकणाऱ्याकडे येतात. भंगारवालाही आता जुना राहिलेला नाही. त्याच्याकडे मोबाईल आहे, नाण्यांच्या किमतीचे व्हिडिओ तोही बघतो. देवनागरी अक्षरं दिसली की तो नाणं बाजूला ठेवतो.

माझ्याकडे माल आला की मी काय करतो ते सांगतो, म्हणजे ‘तपासणं’ किती पटकन होतं ते तुझ्या लक्षात येईल. पांढऱ्या चादरीवर सगळी नाणी ओततो. पहिला हात आकारावर आणि रंगावर फिरतो. दुसऱ्या हाताला राजे वेगळे होतात : कंपनी सरकार, व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज. तिसऱ्या हाताला साल आणि टांकसाळीची खूण बघतो. एक किलो नाण्यांना संध्याकाळचे दोन-तीन तास पुरतात, सरावलेल्या माणसाला त्याहून कमी. चांगली शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं), संस्थानी नाणी, कमी झिजलेले तुकडे, छपाईची चूक असलेलं एखादं नाणं, हे सगळं त्यात बाजूला पडतं. उरतो तो झिजलेल्या पाव आण्यांचा ढीग. तो मी ‘निवडून उरलेला माल’ असं सांगूनच किलोवर देतो. पुढे तो कुठे जातो आणि कोणत्या नावाने लिलावात चढतो, हे माझ्या हातात राहत नाही. पण असे ढीग किलोवर उचलणारे लोक आहेत आणि ‘जुन्या वाड्यातली न तपासलेली थैली’ असं लिहून विकणारेही आहेत, हे मला पक्कं माहीत आहे.

दोन-तीन तासांच्या कामात ज्याला पाच हजारांचं नाणं सापडू शकतं, तो माणूस ते न शोधता सगळी थैली तुला का देईल? कोणत्याही थैलीसमोर हा प्रश्न आधी विचार.

आता तुझ्या पहिल्या फोटोकडे येऊ. फोटोत मला कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा दिसतोय, व्हिक्टोरियाचे तीन-चार, पाचव्या जॉर्जचे बरेच, भोकाचे पैसे, १९५७ चा एक नया पैसा, आणि वर ठेवलेल्या दोन शिवराया. पाहणाऱ्याला वाटतं, वा, सव्वाशे वर्षांचा इतिहास एका थैलीत! मला नेमकी तीच गोष्ट खटकते.

घरात साठवलेल्या पैशाला एक शेवटची तारीख असते. ज्या वर्षी डबा बंद झाला त्याच्या आसपासची नाणी त्यात सगळ्यात जास्त असतात, मागे जावं तशी ती विरळ होत जातात, आणि त्या वर्षानंतरचं एकही नसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले डबे कोकणात मी पुष्कळ पाहिलेत. १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. लोकांनी चांगल्या चांदीचे जुने रुपये दडवले आणि नवे खर्च केले. सुट्ट्या पैशांचीही टंचाई झाली. १९४० मध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली आणि १९४३ मध्ये धातू वाचवायला भोकाचा पैसा आला. त्या वेळी बंद केलेल्या डब्यात १९३० ते १९४४ ची नाणी खचाखच असतात, राणीची एखाद-दुसरी, आणि १९५७ चा नया पैसा असूच शकत नाही. तुझ्या थैलीत मात्र प्रत्येक काळाची थोडी थोडी नाणी आहेत. घरात अशी साठवण होत नाही. ही दहा ढिगांतून जुळवलेली थैली आहे, आणि जुळवताना प्रत्येक नाणं कोणीतरी हातात घेऊन पाहिलेलं आहे.

खऱ्या डब्यात कचराही असतो. देवीचा टाक, मोडका नथीचा तुकडा, किल्ली, एखादं वाकलेलं किंवा ठोकून पातळ केलेलं नाणं, परदेशातून कोणीतरी आणलेलं एखादं नाणं. तुझ्या फोटोत सगळं स्वच्छ, गोल, एकसारखं तपकिरी आहे. वेगवेगळ्या वयाच्या तांब्याला एकसारखा रंग आपोआप येत नाही, तो रसायनाने आणता येतो.

आणि त्या दोन शिवराया. फोटो मोठा करून बघ. दोन्हींवर ‘श्री’च्या डाव्या अंगाला, बिंदूंच्या वर्तुळाला लागून, एक बारीक खळगा आहे. आकार तोच, जागा तीच. दोन्हींची कड खालच्या बाजूला एकाच ठिकाणी चेपलेली आहे. शिवराई हाताने ठोकून पाडलेलं नाणं आहे. तांब्याची चकती ठशापेक्षा बहुतेक वेळा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरं पूर्ण उमटलेली क्वचितच सापडतात. एका नाण्यावर ‘श्री’ सुटते, दुसऱ्यावर ‘शिव’ अर्धा. चकतीचा आकार तर प्रत्येकाचा वेगळा. दोन शिवरायांना एकाच जागी एकच खळगा आणि एकच चेप असेल, तर त्या एकाच साच्यात ओतलेल्या आहेत. हातात घेतल्या तर काठावर साच्याची बारीक रेघ, किंवा ती घासून काढल्याच्या खुणा सापडतील. गडांवर आठवण म्हणून प्रतिकृती विकतात त्यात गैर काही नाही. त्या थैलीत वर ठेवून बोली चढवायची, हे गैर आहे.

शिवराईबद्दल अजून थोडं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवणूक या नाण्यावर होते आणि महाराजांवरच्या प्रेमाचा त्यात फायदा घेतला जातो. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर हे नाणं निघालं, पण ते तिथेच थांबलं नाही. छत्रपतींच्या पुढच्या पिढ्यांत, पेशवाईत, अनेक ठिकाणच्या टांकसाळींत त्याच मजकुराची नाणी पडत राहिली, आणि इंग्रजी अंमल आल्यावरही बाजारात ती बराच काळ चालली. त्यामुळे खरी शिवराई म्हणजे महाराजांच्या हयातीतली शिवराई, असं नसतं. बहुतेक सापडणारी नाणी नंतरच्या काळातली आहेत आणि ती दुर्मिळ नाहीत. सुरुवातीच्या काळातली ओळखायला अक्षराचं वळण, वजन आणि बिंदूंची मांडणी यांचा अभ्यास लागतो. लिलावाच्या फोटोवरून ते मी सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

अमेरिकन रोलकडे वळतो. तिथल्या बँका सुट्टी नाणी कागदाच्या नळीत बांधून देतात. सेंटच्या रोलमध्ये ५० नाणी, म्हणजे अर्धा डॉलर. १९०९ ते १९५८ या काळातल्या सेंटच्या मागे गव्हाच्या दोन लोंब्या आहेत, म्हणून त्यांना ‘व्हीट सेंट’ म्हणतात. त्यात काही नाणी खरोखर दुर्मिळ आहेत. १९०९ साली सॅन फ्रान्सिस्कोत पाडलेलं, मागे रचनाकाराची ‘व्ही डी बी’ ही आद्याक्षरं असलेलं नाणं फक्त ४ लाख ८४ हजार निघालं. उलट १९४४ मध्ये एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १४३ कोटींहून जास्त सेंट पाडले. रोलमध्ये काय निघणार याचा अंदाज या दोन आकड्यांवरून करता येतो.

अशा रोलचं टोक हीच खरी जाहिरात असते. एका बाजूला १९०९ पूर्वीचा ‘इंडियन हेड’ सेंट नाहीतर चांदीचा डाइम (दहा सेंटांचं नाणं) दिसेल असा ठेवायचा आणि मधे १९४०-५० च्या दशकांतली झिजलेली नाणी भरायची. आंब्याची पेटी वरचा थर बघून घेऊ नये हे गुहागरच्या माणसाला मी सांगायला नको. कागदाची कड दुमडायची यंत्रं मिळतात, जुन्या बँकांची नावं असलेले कोरे कागदही विकत मिळतात. म्हणजे कागद जुना आणि दुमड घट्ट, यावरून काही सिद्ध होत नाही.

तुझ्या फोटोतल्या टोकाचं नाणं मर्क्युरी डाइम आहे. १९१६ ते १९४५ मध्ये पाडलेलं, ९० टक्के चांदीचं, वजन अडीच ग्रॅम. आता विचार कर. डाइमचा व्यास १७.९ मिलिमीटर, सेंटचा १९.०५. डाइम म्हणजे दहा सेंट. बँकेत नाणी मोजून बांधताना पांढरं, लहान आणि दहापट किमतीचं नाणं तांबड्या सेंटच्या रांगेत जाऊन नेमकं टोकालाच बसावं, हे चुकून घडत नाही. ते कोणीतरी ठेवलंय. चांदी खरी असेलही, पण अडीच ग्रॅम चांदीची किंमत तू स्वतः काढू शकतोस. तेवढ्यासाठी ₹७,००० देऊ नयेत. शिवाय परदेशातून पार्सल आलं की सीमाशुल्क आणि कर लागू शकतात. ते विकणाऱ्याच्या पानावरच्या किमतीत धरलेले नसतात.

मी बोली लावायच्या आधी जो हिशोब करतो तो तुझ्या थैलीवर करून दाखवतो. व्हिक्टोरियाच्या काळातला तांब्याचा पाव आणा सुमारे साडेसहा ग्रॅमचा, १९०६ नंतरचा कांस्याचा ४.८६ ग्रॅमचा. मिश्रण धरलं तर किलोत साधारण १८० नाणी बसतील. ₹६,८०० भागिले १८०, म्हणजे एका नाण्याला ₹३८ च्या आसपास. असे झिजलेले पाव आणे माझ्याकडे डब्यात असतात आणि मी ते ₹१० ला देतो, तेही तू स्वतः निवडून घे म्हणून. आता थोडं नशीब धरू. १८० पैकी पाच नाणी ₹२०० ची निघाली, तर हजार रुपये. उरलेली १७५ दहाने धरली तर ₹१,७५०. सगळं मिळून ₹२,७५०. उरलेले ₹४,०५० भरून काढायला तुला त्या थैलीत चार हजारांचं एक नाणं सापडायला हवं. आणि चार हजारांचं नाणं म्हणजे नेमकं असं नाणं, की जे चादरीवर ओतल्याबरोबर कोणाच्याही पहिल्यांदा नजरेत भरेल.

म्हणून न बघता घेण्याच्या ढिगाला एकच किंमत द्यायची : त्यातल्या सगळ्यात साध्या नाण्याची किंमत गुणिले नाण्यांची संख्या. तुझ्या किलोला माझ्या हिशोबाने ₹१,८००. त्याच्या पुढचा प्रत्येक रुपया आशेचा आहे.

हाच प्रकार चांदीच्या रुपयांत आला की नुकसान मोठं होतं. १८६२ ते १९३९ चा रुपया ११.६६ ग्रॅमचा. दशांश दोन आकडे दाखवणारा खिशातला काटा थोड्या पैशांत मिळतो, तो घेऊन ठेव. वजनात अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक असेल तर संशय घे. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. १९४७ चा निकेलचा रुपया मात्र चिकटतो, तो खोटा समजू नकोस. पण वजन आणि चुंबक यांनी सगळं पकडता येत नाही. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे म्हणून १९३८ च्या खऱ्या रुपयातला शेवटचा आकडा कोरून ‘९’ केलेले तुकडे फिरतात. त्यांचं वजन बरोबर, चांदी बरोबर, खोटा फक्त एक आकडा. १९११ चा रुपयाही असाच : राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, तक्रारी झाल्या, पुढच्या वर्षी चित्र बदललं आणि बरेचसे रुपये वितळवले गेले. ही गोष्ट रंगवून सांगतात आणि झिजून हत्ती दिसेनासा झालेला रुपया चढ्या भावाने गळ्यात मारतात. आणि लारी. चांदीची तार दुमडून केलेलं, वर ठसा मारलेलं, आपल्या किनाऱ्यावर दाभोळसारख्या बंदरांत चाललेलं आदिलशाही काळातलं हे चलन मला फार प्रिय आहे. तार दुमडून ठसा मारणं सोपं असल्यामुळे त्याच्या नकलाही भरपूर आहेत. लारी ढिगात कधीच घेऊ नये. एकेक, लेखी पावतीवर, खोटी निघाली तर पैसे परत या अटीवर घ्यावी.

स्वच्छतेबद्दल कळकळीने सांगतो. आपल्याकडे देवाची उपकरणी आमसुलाने किंवा चिंचेने घासायची सवय आहे, आणि तीच सवय लोक नाण्यांवर चालवतात. शे-दीडशे वर्षांत तांब्यावर आलेला गडद थर हे नाण्याचं संरक्षण आहे. आंबट लावून घासलं की नाणं गुलाबीसर लखलखतं, बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत जवळजवळ संपते. लिलावातल्या ‘चमकदार’ तांब्याच्या ढिगात बहुतेक नाणी अशीच घासलेली असतात. दुसरा त्रास आपल्या खाऱ्या हवेचा. तांब्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी पूड दिसली तर तो क्लोराइडचा रोग आहे. ओलावा मिळेल तसा तो नाणं पोखरत जातो. असं एखादं नाणं थैलीत आलं तर ते आधी वेगळं कर. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नकोस. पीव्हीसीतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि महिन्याने बदल.

लिलावाच्या व्यवहारातल्या खोड्या तुला बहुतेक ठाऊक असतील, म्हणून भरभर सांगतो. ‘फोटो प्रातिनिधिक आहे’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर तो माल तुझा नाहीच. दोनच खाती एकमेकांवर बोली चढवत असतील आणि त्यातलं एक फक्त याच विक्रेत्याकडे बोली लावत असेल, तर बाजूला हो. ‘साईटबाहेर यूपीआय करा, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नकोस, तिथे तुझं सगळं संरक्षण संपतं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर त्याच दिवशी फोन कर, उशीर झाला की रक्कम पुढे निघून जाते. आणि तुझ्या घरी वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल, ते लाखांना घेतो म्हणून कोणी आधी ‘नोंदणी शुल्क’ मागितलं, तर ती उघड फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने आणि बोधचिन्हाने हे उद्योग चालायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर खुलासा केला, की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात नाही आणि कोणतंही कमिशन घेत नाही.

कायद्याचं एक कलम मात्र नीट लक्षात ठेव, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध येतो. पावसात किल्ल्यांच्या उतारांवर, खाडीकाठी, नांगरलेल्या जमिनीत नाणी उघडी पडतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ‘ताजी जमिनीतून निघालेली’ असं लिहून विकणारा एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा सांगतोय. दोन्ही परिस्थितीत त्याचा माल आपल्या घरात नको. शंभर वर्षांवरची नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवायलाही १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. तेव्हा परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून शिवराई पोस्टात टाकू नकोस.

तुला शोधण्यातला आनंद हवाय हे मला तुझ्या प्रश्नातून दिसतंय, आणि तो आनंद मला मान्य आहे. तो दर्शनी किमतीत मिळतो. बँकेत जा आणि शंभर नाण्यांची पाकिटं माग. एक रुपयाची शंभर नाणी ₹१०० ला, दोनची ₹२०० ला. काही नाही निघालं तर तीच नाणी किराणा दुकानदार हसत घेतो, विशेषतः गणपतीच्या दिवसांत जेव्हा सुट्टे मिळत नाहीत. गावच्या देवस्थानची दानपेटी उघडतात तेव्हा विश्वस्तांना नोटा देऊन चिल्लर मागून बघ. मोजायला बसलेली मंडळी बदली द्यायला तयारच असतात, कारण बँकेत चिल्लर भरणं हा त्यांच्या डोक्याला ताप असतो.

त्यात बघायचं काय? सालाखालची खूण. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नाही. १९८५ चा रुपया काही प्रमाणात ब्रिटनमध्ये पाडला होता, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी दक्षिण कोरिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, स्लोव्हाकिया, रशिया इथल्या टांकसाळींतूनही आपली नाणी आली. त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. पाकिटात त्या दिसू लागल्या की नजर तयार होते. छपाईच्या चुका बघ : मागची बाजू फिरलेली, चित्र एका कडेला सरकलेलं. १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं सापडलं तर आवडीने ठेव, पण ते भरपूर निघालेलं आहे, लाखांचं नाही. या सवयीने डोळा तयार झाला, की वाचवलेल्या ₹६,८०० मधून ओळख पटलेलं, वजन-मोजमाप दिलेलं, परत घेण्याची अट असलेलं एक चांगलं नाणं घे. मुंबईत फोर्टला गेलास तर रिझर्व्ह बँकेचं नाणी संग्रहालय बघ, आणि नाशिककडे गेलास तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचं. खरी नाणी डोळ्यांखालून गेल्याशिवाय खोटं नाणं ओळखता येत नाही.

राहिली तुझ्या घरातली थैली. ती न फोडता पुढे विकलीस तर तुझं वाक्य खरं असेल, पण घेणारा ते वाक्य ज्या आशेने वाचेल ती खोटी आहे, आणि हे आता तुला माहीत आहे. ती फोड. मोबाईल एका जागी टेकवून व्हिडिओ चालू ठेव, आधी सीलबंद थैलीचं वजन दाखव, मग सील काप आणि नाणी पांढऱ्या कापडावर ओत. वजन जाहिरातीपेक्षा कमी भरलं किंवा एकाच साच्यातली नाणी निघाली, तर तो व्हिडिओ जोडून तक्रार कर. परतीची मुदत संपलेली असली तरी खोटा माल ही वेगळी तक्रार आहे. एकही नाणं धुऊ नकोस. सालवार मांड आणि एका वहीत साल, राजा, खूण, वजन लिहून काढ. अर्धा किलो म्हणजे नव्वदेक नाणी, एका रविवारचं काम आहे. काही अडलं तर दोन्ही बाजूंचे फोटो उन्हाच्या तिरप्या उजेडात काढून मला पाठव, फ्लॅश वापरू नकोस. त्यातली ठेवायची ती ठेव, आणि उरलेली विकायची झाली तर जाहिरातीत वहीचं पान जोड आणि वर लिही, की सगळी नाणी तपासलेली आहेत.